चार्जिंगपुरता पाहुणा

इन्व्हर्टरनं टीं... टीं... केलं, तेव्हा कळलं की घर किती गप्प होतं.

एप्रिलची दुपार. लाईट गेलेली. माझी लेक पिंकी गार फरशीवर पालथी झोपलेली, आणि मी नुसती बसलेले. शिवू गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या या घरात रविवार फार लांबतो. करायला काही उरत नाही, आणि दुपारही सरत नाही.

तेवढ्यात गेट वाजलं.

बाहेर एक पांढरीशुभ्र, लांबोडकी गाडी. शेजारी उंच माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला.

"ताई, जरा प्लग मिळेल का? गाडीचं चार्जिंग संपलंय."

मला हसूच फुटलं. "प्लग आहे की! लाईट नाही."

त्यानं कपाळाला हात लावला. "घ्या! अकलूजहून लई ऐटीत निघालो. रस्ता मोकळा दिसला, दाबली... हिनं सगळी बॅटरी खाऊन टाकली."

"पेट्रोलची असती तर पाच मिनिटांत भरून गेला असता."

"व्हय. पण मग तुमच्या दारात कशाला थांबलो असतो?"

म्हणाला आणि स्वतःच लाजला... मी ताक आणायला आत पळाले.

परत आले तर तो पोर्चमध्ये झाकलेल्या गाडीकडे टक लावून उभा. "बघू का?" विचारलं आणि कव्हरचं टोक हळूच उचललं. लाल रंग चमकला. त्यानं मागचा बिल्ला वाचला, काचेतून आत डोकावला.

"टर्बो पेट्रोल! तीही गिअरची! अहो, ही पळायच्या जातीची. हिला अशी बांधून का ठेवलीय?"

"मिस्टरांची आहे... होती." मी ग्लास पुढे केला. "तापाचं निमित्त झालं. दोन वर्षं झाली. तेव्हापासून सुरूच नाही केली."

 त्यानं कव्हर सावकाश, नीट खाली ओढलं.

लाईट आल्यावर बोअरच्या मोटारीच्या सॉकेटला त्याची गाडी जोडली. घरच्या विजेवर ती पिते फार हळू. म्हणून तो संध्याकाळपर्यंत थांबला. नाव अजिंक्य. डेअरीतली मशिनं बघायला सगळा जिल्हा फिरतो. बायको? "कुणी पसंतच करत नाही," म्हणाला, "गाडीवर जास्त जीव आहे म्हणतात."

"असं काय आहे हो तुमच्या गाडीत? आवाज नाही, काही नाही."

"तेच तर! पाय ठेवला की निघाली. पाठ सीटला चिकटते. तुमच्या लालबाईला आधी गिअर टाका, इंजिन चढू द्या... लई मनधरणी."

"शिवू म्हणायचा, गाडी कानानं चालवायची. आवाज चढला की हात आपोआप गिअरवर जातो. तुमची तर पहिल्याच भेटीत जीव टाकते!"

"मालकावर गेलीय," तो ताकाच्या ग्लासात बघत म्हणाला.

जाताना त्यानं विचारलं, "मग विकत का नाही?"

"दुसऱ्याच्या दारात वाजेल ना ती."

"आणि सुरू?"

मी गेट लावून घेतलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. चार्जिंग संपलं म्हणून! मग त्याच्या पुढच्याही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली... त्यानं मला ताई म्हणणं सोडलं होतं. वहिनीही नाही, मॅडमही नाही. काहीच नाही. नुसतं "अहो".

आठवडाभर मात्र घर तसंच असायचं. पिंकीला शाळेत सोडून आले की मी पोर्चमध्ये उगाच थांबे. सॉकेटवरची धूळ पुसे. कुणासाठी, ते स्वतःलाही सांगत नसे.

एकदा त्यानं किल्लीच माझ्या हातात ठेवली. विजापूर रोडला लागलो. पाय टेकवताच गाडी अशी झेपावली की खरंच पाठ सीटला चिकटली. आवाज नाही, फक्त वारा, आणि शेजारी त्याचा श्वास. सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला नि ब्रेकवर आदळला! त्याचा गॉगल उडून काचेखाली पडला.

"अहो! क्लच नसतो हिला!"

"मग डाव्या पायानं करायचं काय?"

"निवांत बसायचं. एवढं सगळं एकटीनं कशाला दाबून धरता?"

डोळे भरून आले... तेव्हा समोर स्क्रीनवर आकडा दिसला. चौऱ्याऐंशी टक्के.

"अजिंक्यराव, हे संपलेलं चार्जिंग?"

त्याचे कान लाल झाले. "हायवेला भरून येतो. दर वेळी."

 मी रस्त्याकडेच बघत म्हणाले, "पुढच्या रविवारी... फुल्ल भरून आलात तरी चालेल."

तो आला. सोबत नवी बॅटरी घेऊन. लाल गाडीची.

"तुम्ही म्हणाल तरच लावतो," तो म्हणाला. "ती तिथंच राहू दे. विकायचं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही. पण ती अशी मुकी उभी असली ना, की तुमच्याशी बोलताना माझाच आवाज घशात अडकतो."

मी कव्हरकडे पाहिलं. हिला सुरू केल्याशिवाय मला पुढं जाता येणार नव्हतं, आणि सुरू करायचा धीर एकटीला कधी झाला नव्हता. मी मान हलवली.

त्यानं जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं, बॅटरी बसवली. किल्ली मला देऊ लागला, पण मी हात मागे घेतला. "तुम्हीच..." मी म्हटलं.

लाल गाडी दोनदा खोकली. मग एकदम गरजली. पोर्चची फरशी हादरली, खिडकीची काच झणझणली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तरीही मी हसत होते. अजिंक्यनं गाडीच्या उघड्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला... पहिल्यांदाच.

आणि आतून पिंकी अनवाणी धावत आली. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, चेहरा असा उजळलेला, जसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"बाबा!"

दाराशीच ती थबकली. स्टीअरिंगमागच्या अजिंक्यकडे पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, मग माझ्या हाताकडे. त्यानं घाईघाईनं इंजिन बंद केलं.

पिंकीनं गाडीच्या गरम बॉनेटवर तळवा टेकवला.

"आई, बाबा लांब गेलेत ना? आणि त्यांची गाडी तर इथंच आहे... मग ते कशात बसून येणार?"