बन्सीलालचा वजनकाटा

माझं वजन एका परक्या पुरुषाने भर दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

एप्रिल संपत आला होता. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन मी गोडादऱ्याच्या बन्सीलालकडे गेले होते. रद्दीला आमच्या सुरतेत पस्ती म्हणतात, आणि ती तोलायला बन्सीलालकडे जमिनीलगतचा मोठा काटा आहे, लाल आकड्यांचा. माझे गठ्ठे उतरवून तो सुतळी शोधायला आत गेला. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चपला काढल्या... आणि हळूच काट्यावर उभी राहिले. घरी काटा आणायची हिंमत नव्हती, काय करणार!

"एकाहत्तर किलो चारशे," मागून आवाज आला.

मी उडीच मारली. दारात एक गृहस्थ उभे होते. हातात नाकापर्यंत आलेला वर्तमानपत्रांचा ढीग, त्याच्यावर नुसते दोन डोळे.

"सॉरी ओ... मला वाटलं, पस्तीचंच वजन आहे. इथून आकडाच तेवढा दिसत होता."

"म्हणजे मी पस्ती?"

"छे छे! तसं नव्हतं म्हणायचं..." ते इतके गडबडले, की ढीग खाली टाकून, बूट काढून स्वतःच काट्यावर चढले. "घ्या. आता तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा की."

"अठ्ठ्याऐंशी किलो दोनशे!" मी खणखणीत आवाजात वाचलं. बाई आहे मी शाळेत, आवाजाला कमी नाही.

"झाली फिट्टंफाट?" ते म्हणाले आणि हसले. हसताना त्यांच्या मिशीखाली उजव्या गालाला खळी पडते, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं. उगाच कशाला खोटं बोलू?

ते मुकुंद. मूळचे सांगलीचे, बँकेत नोकरी, बदलीवर सुरतेला आलेले. पत्नी जाऊन सात वर्षं झाली होती, घरी एकटेच. मी धनश्री, बेचाळीस वर्षांची. वडील सुरतेच्या लूमवर, कापडाच्या मागावर, राबले, ते गेल्यावर धाकट्या भावाला, धर्मेंद्रला, मी शिकवलं. त्याचं लग्न लावलं. माझं राहून गेलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बन्सीलालकडे गेले, पाव किलो वर्तमानपत्रं घेऊन. मुकुंद आधीच येऊन उभे होते. त्यांच्या हातात एकच मासिक होतं.

"शंभर ग्रॅम उतरलं," मी म्हणाले.

"माझं दोनशे वाढलं. तुमचं उतरलेलं माझ्याकडे आलं बहुतेक."

"मग परत द्या."

"वजन सोडून काहीही मागा की..."

असे आमचे रविवार सुरू झाले. आधी काटा, मग पर्वत पाटियापर्यंत चालत जाणं, चालत येणं. घरातली पस्ती संपली तेव्हा मी शेजारच्या शांताबाईंची मागून आणायला लागले. बन्सीलाल एकदा म्हणालाच, "बेन, तुम्ही दोघं पस्ती कमी आणता, हसता जास्त."

पण वजन? ते काही हलेना. सत्तावीस वर्षांची असताना मी दोन महिन्यांत आठ किलो उतरवले होते. रात्रीचं जेवण बंद, बस्स! तेव्हा अमळनेरचं एक स्थळ 'मुलगी अंगाने जास्त आहे' म्हणून गेलं होतं. मी हट्टाला पेटले, बारीक झाले, फोटो काढून पाठवला... तोवर त्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली होती. तो फोटो अजून टीव्हीच्या वर आहे. आता तोच उपाय केला, तर पहिल्या आठवड्यात वर्गात चक्कर आली, आणि आकडा? जिथल्या तिथे.

"डॉक्टरबाईंना विचारलं मी," एका रविवारी मी मुकुंदना म्हणाले. "म्हणाल्या, वय वाढतं तसं अवघड होतं. स्नायू कमी होतात, झोप कमी होते, बसणं वाढतं. उपाशी राहू नका, डाळ खा, जिने चढा. उतरेल, पण हळूहळू."

"किती हळूहळू?"

"ते नाही सांगितलं."

"माझं ह्याच चालीनं चाललं, तर निवृत्तीच्या दिवशी मी सडपातळ होईन," ते म्हणाले. मी हसले, पण आतून मला रडू येत होतं. कारण मी मनाशी एक ठरवून बसले होते. त्यांनी विचारलं, तर होकार द्यायचा... पण पासष्ट किलो झाल्यावरच. त्याआधी नाही. पुन्हा कोणी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहावं आणि नजर वळवावी, हे मला आता सोसणार नव्हतं.

श्रावण आला. भुरभुर पाऊस, मध्येच ऊन. अशाच एका रविवारी बन्सीलालच्या पत्र्याखाली आम्ही पाऊस थांबायची वाट पाहत होतो. काट्यावर माझे सत्तर किलो दोनशे उमटून गेले होते.

"बँकेनं विचारलंय," मुकुंद पावसाकडे बघत म्हणाले. "सांगलीला परत जायचं, की इथंच राहायचं. हा सोडून पुढच्या बुधवारपर्यंत कळवायचंय." ते माझ्याकडे वळले. "मी काय कळवू... धनश्री?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं नुसतं नाव घेतलं होतं. पासष्टला अजून पाच किलो दोनशे होते!

"कानबाई होऊ द्या," मी कशीबशी म्हणाले. "मग सांगते."

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते, सोमवारी तापीत तिचं विसर्जन होतं. तिचे रोट करतात, जाडजूड, गव्हाचे, घरातल्या पुरुषांच्या नावाने पीठ मोजून. ते फक्त घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, टाकायचे तर मुळीच नाही. धर्मेंद्र बायकोमुलांसह कडोदऱ्याहून आला, सोमवारी जेवून परत गेला. उरलेल्या रोटांना आम्ही दोघीच, मी आणि आई. दूध, तूप, गूळ, रोट. सकाळी रोट, संध्याकाळी रोट.

मंगळवारी शाळेतून येताना मी बन्सीलालकडे वाकडी वाट केली. एकाहत्तर किलो नऊशे! तीन महिने पाण्यात गेले. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्यांना सांगायचं, सांगलीला जा.

आई शांताबाईंकडे गेली होती. मी पदर खोचते न खोचते तोच दारात मुकुंद. केस भिजलेले, हातात छत्री, पण मिटलेली.

"उद्या बुधवार," ते म्हणाले. "मला राहवेना."

"बसा... चहा टाकते." तोंडावर नाही म्हणायचा धीर होईना, म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. तिथूनच ओरडले, "स्टुलावर डबा आहे, फुटाणे घ्या!"

चहा उकळेपर्यंत मी शब्द जुळवत होते. माझं वय... तुम्हाला चांगली मिळेल... सगळं पाठ केलं. बाहेर आले, आणि कप हातातच राहिला. स्टुलावर दोन डबे होते. मुकुंदनी मोठा उघडला होता. हातात अर्धा रोट होता आणि अर्धा पोटात गेला होता.

"काय सुंदर आहे ओ हे!" ते भरल्या तोंडाने म्हणाले. "फुटाणे म्हणालात, पण हे... कित्येक महिन्यांनी पोटभर खातोय."

आणि नेमकी तेव्हाच आई दारात. माझी आई, मालतीबाई, लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेली बाई. तिने रोटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनी दिधा?" तिने आमच्या अहिराणीत विचारलं.

"मीच घेतला," मुकुंद उभे राहिले. "चुकलो का?"

"हाऊ रोट घरना शे, भाऊ. परकाले देतस नही."

मुकुंदचा चेहरा पार उतरला. अर्धा रोट तसाच हातात. ठेवावा तर उष्टा, खावा तर परका. "मग हा... टाकू का?"

"रोट कोनी टाकस का?" आई पदराने हात पुसत खाली बसली. "मी काय सांगू? तू बोल व बेटा."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मुकुंद माझ्याकडे पाहत होते. पायापासून डोक्यापर्यंत नाही, फक्त माझ्या डोळ्यांत.

"मी सकाळी एकाहत्तर नऊशे होते," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचेचना. "म्हणजे आत्ताच, शाळेतून येताना... मी ठरवलं होतं, पासष्ट झाले की तुम्हाला हो म्हणेन. आणि आता तर वाढलंय."

ते हळूच म्हणाले, "मीही ठरवलं होतं. ऐंशीच्या खाली आलो, की विचारेन. मग हिशेब केला... आपल्या वयात ते उतरायला दोन वर्षं लागतील. तेवढी वर्षं तुमच्याशिवाय कशाला घालवायची? म्हणून तसाच विचारून बसलो, सत्त्याऐंशी किलोचा."

माझ्या छातीवरचं इतक्या वर्षांचं ओझं त्या क्षणी उतरलं. ते मात्र उतरायला वेळ लागला नाही, वयही आडवं आलं नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. चहाचा कप मी त्यांच्यासमोर ठेवला.

"संपवा तो रोट," मी म्हणाले. "अर्धा ठेवायचा नसतो. आणि परक्यासारखे उभे काय? बसा... घरचेच आहात."

मुकुंद बसले. अगदी शहाण्या मुलासारखं त्यांनी शेवटचा कण संपवला. आईने टीव्हीकडे तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग ठसक्यात म्हणाली, "पुढला वरीसले तुले बी रोट नही, धना. आंडेर सासरले गई का ती बी पराया घरनी." आंडेर म्हणजे लेक.

"म्हणजे लग्न केलं की रोट बंद?" मुकुंद उडालेच. "अहो धनश्री, हे डॉक्टरबाईंना माहीत आहे का?"

आई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

बुधवारी त्यांनी बँकेला कळवलं: सुरत.

आणि रविवारी आम्ही बन्सीलालकडे गेलो, हात हलवत. पस्ती नव्हतीच.

"आज काय तोलायचं, बेन?" त्याने विचारलं.

मुकुंदनी बूट काढले, मी चपला काढल्या. त्यांनी हात पुढे केला, आणि आम्ही दोघं एकदमच काट्यावर चढलो. लाल आकडे थरथरले, धावले, थांबले. एकशे एकोणसाठ किलो पाचशे.

"आता ह्यात कुणाचं वाढलं, कुणाचं उतरलं?" मी विचारलं.

"काय कळेना ओ," मुकुंद म्हणाले. माझा हात त्यांनी सोडला नाही. "चला... पर्वत पाटिया."