कप्तानाची ‘ती व्यक्ती’

दंतवैद्य प्रकाशकाच्या कचेरीचा जिना चढून आला, तेव्हा मुद्रितशोधक फोनवर एका चिडलेल्या आजोबांना व्याकरण शिकवत होता.

“फसवलं नाही हो. ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी. म्हणून ‘ती व्यक्ती’.”

अकरा पुस्तकं दर्यावर्दी कप्तान ‘त्या व्यक्ती’साठी झुरत होता आणि वाचकांनी मनात आपापली सुंदरी उभी केली होती. आज सकाळी बारावं, शेवटचं पुस्तक आलं आणि ती व्यक्ती निघाली दीपगृहाचा दाढीवाला रखवालदार. कप्तानानं भर धक्क्यावर त्याचा हात धरला आणि इकडे कचेरीतला फोन तापला. कुणी आनंदानं रडत होतं. कुणी म्हणत होतं, ‘मी पहिल्याच पुस्तकात ओळखलं होतं, पण घरात माझं ऐकतं कोण?’ एक बाई तर कप्तानाला मनातल्या मनात जावई करून बसल्या होत्या. त्यांचं सांत्वन चालू असतानाच प्रकाशक जेवायला म्हणून जे गेले, ते गेलेच.

“तुमची काय तक्रार?” फोन ठेवत मुद्रितशोधकानं विचारलं.

“तक्रार नाही. मला... आनंद झालाय,” पांढऱ्या कोटातला दंतवैद्य म्हणाला. “समोरच दवाखाना आहे माझा. पेशंटला इंजेक्शन दिलं, जबडा सुन्न होईपर्यंत शेवटचं पान वाचलं — आणि राहवेना.”

“पेशंटला सांगायचं.”

“त्याला आत्ता बोलता येत नाही. मला उत्तर देणारं माणूस हवं होतं.”

मुद्रितशोधक हसला. पण सकाळपासून प्रत्येक फोन उचलताना, आईचा तर नाही ना, एवढंच तो आधी बघत होता. आईला या पुस्तकांचं वेड त्यानंच लावलं होतं. आता ती कप्तानाला जे काही बोलेल, ते त्यालाच लागणार होतं. फक्त आईला ते ठाऊक नव्हतं.

“तुमची आहे का कुणी... व्यक्ती?” दंतवैद्यानं मुखपृष्ठाकडे बघत विचारलं.

“व्याकरणापुरतीसुद्धा नाही.”

“अरे वा,” दंतवैद्य म्हणाला, आणि लगेच, “म्हणजे — अरेरे.”

फोन वाजला. आई होती.

“वाचलं मी,” ती म्हणाली.

“...मग?”

“मग काय? अकरा पुस्तकं बिचारा एकटा भटकला. सांगून टाकायचं ना मेल्यानं. कोण खाणार होतं त्याला?”

“भीती वाटली असेल, आई.”

आई हळूच म्हणाली, “तुलाही वाटते का रे?”

त्यानं समोर पाहिलं. दंतवैद्य छताचं फार बारकाईनं निरीक्षण करत होता. कान मात्र लाल झाले होते.

“वाटत होती,” तो म्हणाला. “आई... इथे एकजण आलेत. आत्ताच ओळख झालीय. दातांचे डॉक्टर आहेत.”

त्यानं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

“विचार त्यांना,” आई म्हणाली, “कवळी हलत असेल तर काय करायचं.”

त्यानं विचारलं.

“घरी येऊन बघावी लागेल,” दंतवैद्य गंभीरपणे म्हणाला. “एका खेपेत भागेल असं वाटत नाही.”