कुऱ्हाडीचे घाव

सकाळी नऊ चाळीसला संग्रहालयाच्या मागच्या दाराशी म्हातारा पहारेकरी पालथा पडलेला सापडला. डोकं मागून फुटलं होतं. रक्त तीन पायऱ्या उतरून खाली आलं होतं.

तो दिसला तीन मुलांना: टाचणी, तिचा भाऊ इंजिन आणि वाद घालण्यात पटाईत म्हणून वकीलबाई म्हणवली जाणारी शेजारची मुलगी. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज इथे येत. टाचणीची मावशी लाकूड कोरायची. तिला दालनातल्या जुन्या लाकडी फळीचे ठसे हवे होते. फळीवर कागद धरून पेन्सिल घासली की कोरीव काम कागदावर उतरायचं.

ही फळी एकशे वीस वर्षं परदेशात होती. राज्य करायला आलेल्या सैनिकांनी गाव जाळलं, फळीवर कोरलेल्या सातही चेहऱ्यांवर कुऱ्हाड चालवली आणि ती उचलून नेली. वीस दिवसांपूर्वी ती परत आली. मावशी तिच्याशेजारी ठेवायला नवी फळी कोरत होती. जुनीचे घाव बुजवायला मात्र तिने साफ नकार दिला होता.

पहारेकऱ्याला रुग्णवाहिकेने नेलं. संचालक फौजदाराला म्हणाले, "फळी जागेवर आहे. काहीच चोरीला गेलेलं नाही. पहारेकऱ्याचंच कुणाशी तरी भांडण असणार."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून टाचणीने दालनातल्या फळीवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. मग थांबली.

"इंजिन, कागद फाटला नाही."

"बरंच झालं की. काल चार वाया घालवलेस."

"तेच म्हणतेय. घावांत तुटकी कुसळं आहेत, कागद अडकतोच. आज एकदाही अडकला नाही."

वकीलबाईने घावात बोट फिरवलं. आतून गुळगुळीत. "हा घाव घातलेला नाही, कोरलाय," ती म्हणाली. "ही नक्कल आहे. करणारा चांगला कारागीर असणार. खडबडीत सोडणं त्याच्या हाताला जमलंच नाही."

"बाळांनो, मोठ्यांची कामं चाललीत," संचालक म्हणाले. फौजदाराने वही मिटली.

तिघं बाहेर आली.

"खरी फळी काल संध्याकाळपर्यंत इथेच होती," टाचणी म्हणाली. "आज बाहेर काय जाणार आहे?"

"ती ज्यातून आली ते रिकामं खोकं," इंजिन म्हणाला. "अकराला. परत परदेशी."

अकराला दहा मिनिटं होती. तिघं मागच्या अंगणात धावली. टेम्पो सुरूच होता, चालक चहाला गेला होता. संग्रहालयाचा पॅकर खोक्याला शेवटचे खिळे ठोकत होता.

"काका, रिकाम्या खोक्याला एवढे खिळे?" वकीलबाईने विचारलं.

पॅकरने हातोडी ठेवली आणि बाजूची पहार उचलली. तिच्या टोकाला रक्त आणि पांढरे केस चिकटले होते. ते इंजिनने पाहिलं. एरवी फुसफुसणारा त्याचा श्वास बंदच पडला.

"पळा," तो कसाबसा म्हणाला.

पहार टाचणीवर आली. तिने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. इंजिनने पॅकरच्या पोटात डोकं घुसवलं. उलट बसलेल्या लाथेने त्याचे दोन दात पडले. वकीलबाई टेम्पोत चढली आणि भोंग्यावर दोन्ही हात दाबून बसली.

फौजदार धावत आला. झटापटीत खोकं उलटलं, झाकण निखळलं आणि पेंढ्यातून सात तोडलेले चेहरे बाहेर आले. पॅकरला पालथा पाडून बेड्या घातल्या.

निरोप मिळताच मावशी आली. तिने आधी टाचणीचा हात ओढणीने गळ्यात बांधला. मग खोक्यातल्या फळीच्या घावातून बोट फिरवलं. बोटात कुसळ घुसलं.

"हीच," ती म्हणाली.

"शाब्बास पोरांनो," संचालक म्हणाले. "तुमच्यामुळे लाज राखली गेली."

"आधी ऐकलं असतंत, साहेब, तर तिचा हातही शाबूत राहिला असता," वकीलबाई म्हणाली.

खोक्यावर पत्ता होता तो फळी परत करणाऱ्या परदेशी संग्रहालयाचाच. नक्कल कुणी कोरली आणि खोकं तिथे कोण उघडणार होतं, हे पॅकरने सांगितलं नाही. दुपारी दोनला त्या संग्रहालयाला तार गेली. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर आलं नव्हतं. पहारेकरीही तोवर शुद्धीवर आला नव्हता.