सावलीगड्याचा दम

साताऱ्याच्या क्रीडासंगणन प्रयोगशाळेत सकाळी नऊ वाजता डॉ. शाल्मली खराडे एकच ध्वनिमुद्रण अकराव्यांदा ऐकत होती. ‘कबड्डी, कबड्डी, कबड्डी...’ आवाज तिच्या धाकट्या भावाचा, ऋतुराजचा होता. किंवा त्याच्या सावलीगड्याचा. दोघांपैकी नेमका कोणाचा, हे सांगायची सोय तिनेच स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती.

विभागप्रमुख डॉ. पाटणकर दार ढकलून आत आले. "झाली का सही?"

"अजून नाही, सर."

"बारा वाजता राष्ट्रीय संघाची यादी लागेल. त्याआधी महासंघाला यंत्रदोषाचं प्रमाणपत्र हवंय. कालच्या सामन्यात दम तुटला तो सावलीचा म्हटलं, की दोष आपल्या यंत्रणेचा. सामना रद्द होईल, ऋतुराजचा क्रमांक शाबूत राहील. त्याच्या संघानेच अर्ज केलाय." त्यांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. "तुमच्या भावाचंच भलं होतंय, शाल्मली."

भलं होत होतं खरं. कालपर्यंत ऋतुराज सातवा होता आणि संघात पहिले सातच जाणार होते. कालची हार धरली, तर तो नववा.

दूरकबड्डीत चौदा गडी चौदा गावांत असतात. प्रत्येक जण आपापल्या सभागृहात संवेदी पोशाख चढवून खेळतो. समोरच्याने पकड केली की पोशाख खरोखरच आवळतो आणि बरगड्यांवर वळ उठतात. गळ्यातली कंठपट्टी चढाई करणाऱ्याचा दम मोजते. दम तुटला की गडी बाद. खेळ सगळा जुनाच, मैदान तेवढं नवं.

त्याला रोगही नवाच जडला. अर्धवट सोडलेला सामना खेळाडूच्या नावावर धरत नसत. त्यामुळे हार दिसू लागली की चतुर खेळाडू छातीवरची कळ दाबून सरळ निघून जायचे. उरलेले सहा जण तोंडघशी पडले तरी पळालेल्याचा क्रमांक जिथल्या तिथे. ऋतुराजने दोन वर्षांत त्रेसष्ट सामने असे सोडले होते.

त्यांचे वडील, अण्णा, शाळेमागच्या तांबड्या मातीवर कबड्डी खेळलेले. त्यांना हे कळलं तेव्हा ते लेकाला एवढंच म्हणाले, "बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो. घरी जात नाही." कबड्डीत बाद झालेला कायमचा मेलेला नसतो, आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बाहेर बसलेला पुन्हा जिवंत होतो. पण त्यासाठी तो तिथे बसलेला तर असायला हवा! ऋतुराजने तेव्हा ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर चारच महिन्यांनी अण्णा गेले. ते बोलतानाचा अण्णांचा चेहरा शाल्मलीच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. सावलीगडी तिने घडवला तो त्या चेहऱ्यासाठी, हे तिने कुठल्याही अहवालात लिहिलं नव्हतं.

सावलीगडी म्हणजे खेळाडूचं संगणकी प्रतिरूप. ते त्याच्याच जुन्या सामन्यांवरून शिकतं. खेळाडूने कळ दाबली की त्याच क्षणी ते त्याच्या जागी उभं राहतं, त्याच्यासारखंच पळतं, त्याच्याच आवाजात दम घालतं. जो निकाल लागेल तो खेळाडूच्या नावावर. पळून फायदाच नाही म्हटल्यावर कोण कशाला पळेल, असा शाल्मलीचा हिशेब होता. पण कोण पळालं हे जगाला कळता कामा नये, असा खेळाडूंनी हट्ट धरला आणि महासंघाने तो मानला. झाकली मूठ सव्वा लाखाची! शाल्मलीने कळ दाबल्याची नोंदच ठेवली नाही.

आणि पळणारे कमी होण्याऐवजी वाढले. नोंद नसली तरी हे कळत होतं. बड्या खेळाडूंच्या अंगावरचे वळच नाहीसे झाले होते.

"सर," शाल्मली म्हणाली, "काल सावलीचा दम तुटणं शक्यच नव्हतं."

"का? ऋतुराजचा तुटतो की!"

"तो तुटताना सावलीने कधी ऐकलेलाच नव्हता. ती ज्या सामन्यांवरून शिकली, त्यांतले जिंकलेले सामने पूर्ण आहेत. हरणारे सामने मात्र तिसाव्या-बत्तिसाव्या मिनिटालाच संपतात. कारण त्याने कळ दाबलेली असते. म्हणजे शेवटचं, चाळिसावं मिनिट तिला माहीत होतं ते फक्त जिंकणाऱ्याचं. घसा सुकलेला, छाती भरून आलेली, समोर हार दिसतेय, अशा गड्याचा श्वास कालपर्यंत तिच्याकडे नव्हताच. संघ हरत असला तरी ती जिंकत असल्यासारखीच खेळते."

डॉ. पाटणकर सावकाश खुर्चीत टेकले. "म्हणून पळणाऱ्यांच्या सावल्या जिंकतात?"

"म्हणूनच. जो शेवटपर्यंत थांबून हरत आलाय, त्याची सावली त्याच्याइतकीच दमते. जो पळत आलाय, त्याची दमत नाही. माझी चूक आहे, सर. मी भित्र्यांच्या हाती शूर सावल्या दिल्या."

ती पुन्हा ध्वनिमुद्रणाकडे वळली. चाळिसावं मिनिट, संघ एका गुणाने मागे, शेवटची चढाई. ऋतुराज दोन गडी टिपून परत फिरतो. मधली रेषा हातभर लांब. ‘कबड्डी, कबड्डी, कब...’ मग एक घरघर, आणि शांतता.

"हा तोच आहे," ती म्हणाली. "काल तो थांबला होता."

"हे लिहाल, तर तो नववा होईल," पाटणकर हळूच म्हणाले. "त्याने स्वतः तरी सांगितलंय का तसं?"

नव्हतं सांगितलं. कालपासून त्याने फोनच उचलला नव्हता. संघाचा अर्ज गेला तेव्हाही तो गप्प होता. गप्प राहिलं की प्रमाणपत्र मिळणार, हे त्यालाही कळत होतं. तो गप्पच राहील की काय, अशी भीती शाल्मलीला वाटली ती तेव्हा.

साडेदहाला तो आला. कराडहून एसटीने आला होता. डाव्या गुडघ्याला पट्टी, आणि शर्टाच्या बाहीतून मनगटावरचा निळा वळ दिसत होता. पाटणकर उठून खिडकीपाशी गेले.

"ताई, सही केलीस?"

"नाही रे."

"करू नकोस. मीच होतो."

"माहितेय मला."

"कसं काय? मी तर कुणालाच बोललो नाही."

"दमावरून."

तो खाली बघून हसल्यासारखा झाला. "घाण तुटला ना? बत्तिसाव्या मिनिटाला बोट कळीवर होतं गं. पण मला बाद करून बाहेर बसवलेलं, आणि अण्णांचं आठवलं. म्हटलं, बसून तर बघू. पाच मिनिटांनी आमच्या पोरांनी एक टिपला आणि मी आत आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिवंत झालो बघ."

शाल्मलीने ध्वनिमुद्रण बंद केलं.

"एक विचारू? मी कळ दाबली असती तर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. सकाळीच तिने, तो एरवी पळायचा त्या बत्तिसाव्या मिनिटापासून, सामना कालपर्यंतच्या सावलीकडून दोनशे वेळा खेळवून घेतला होता. खोटं बोलणं सोपं होतं. पण सावलीऐवजी आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः शेवटपर्यंत उभा राहिला होता, आणि अशा माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"दोनशेपैकी एकशे एक्केचाळीस वेळा जिंकला असतास."

तो बराच वेळ मनगटावरचा वळ चोळत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. "म्हणजे पळालो असतो तर संघात असतो."

"बहुतेक."

"थांबलो म्हणून गेलो."

"हो, ऋत्या. आणि अजून एक आहे. प्रत्येक नवा सामना सावलीच्या शिकवणीत जातो. कालचाही आज पहाटेच गेला. हरतानाचं चाळिसावं मिनिट तिने पहिल्यांदाच ऐकलं."

"मग?"

"मी सकाळी तपासलं. आता तुझ्या सावलीचाही दम तुटतो. तुझा तुटला तिथेच. यापुढे ती तुझ्यापेक्षा चांगली खेळणार नाही."

ऋतुराजने मान वर केली. मग तो खरोखरच हसला. लहानपणी मातीत लोळून यायचा तेव्हा हसायचा, तसा. "म्हणजे आता पळून जायलासुद्धा जागा ठेवली नाही मी."

"नाही ठेवलीस."

"लिही मग."

तिने अर्जावर लिहिलं : ‘यंत्रदोष नाही. दम तुटला, गडी बाद.’ खाली सही केली. डॉ. पाटणकरांनी कागद घेतला, एकदा ऋतुराजकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले.

"जा आता घरी," शाल्मली म्हणाली. "यादी लागायला अजून सव्वा तास आहे. कशाला बघत बसतोस?"

"नको," तो म्हणाला. "लागेपर्यंत बाहेर बसतो."

आणि तो लंगडत बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला.