पंचविसावा फोटो

जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या हातात तळहातावर मावेल असा एक जुना कॅमेरा आहे. त्याला बॅटरी नाही, पडदा नाही. आत फक्त अंधार आहे, आणि त्या अंधारात गुंडाळलेली फिल्म. तिच्यावर एका माणसाने काढलेले चोवीस फोटो आहेत, आणि तो माणूस आता या जगात नाही. कॅमेऱ्याचं मागचं झाकण पापणी लवण्याइतका वेळ जरी उघडलं, तरी उजेड आत शिरेल आणि ते सगळे फोटो पुसले जातील. आता सांगा, असा कॅमेरा घेऊन तुम्ही चेन्नईतल्या टी. नगरच्या गर्दीत जाल?

रंजनी गेली होती. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीची शिवण उसवली होती, आणि ती शिवून देणारे आजोबा तिथल्या बसस्टॉपपाशी बसायचे. ती आजोबांना शिवण दाखवायला वाकली, तेवढ्यापुरता कॅमेरा तिने भाचीच्या हाती दिला. ऊर्मी नऊ वर्षांची. तिच्या बोटांना स्वस्थ बसायचं ठाऊक नव्हतं. झाकणाची बारीकशी कडी तिच्या नखाला सापडली...

"उघडू नकोस! हात काढ!"

ऊर्मी थिजली. रंजनीने झडप घालून कॅमेरा छातीशी धरला. झाकण बंद होतं. ओरडणारा निळ्या शर्टातला तरुण समोर उभा होता, आणि तिच्याइतकाच तोही घाबरलेला दिसत होता.

"मन्निच्चिडुंगो..." तो मोडक्या तमिळमध्ये माफी मागू लागला.

"मराठीतच बोला," रंजनी म्हणाली. "ओरडलात तर मराठीतच."

त्याने तिच्या केसांतल्या मोगऱ्याकडे पाहिलं, सुती साडीकडे पाहिलं. "तुम्ही मराठी? चेन्नईत कधीपासून?"

"तंजावरची माणसं आम्ही. इकडे येऊन तीनशे वर्षं झाली."

"मला आठ महिने," तो म्हणाला. "तुम्ही सीनियर."

तिला हसू आलं, पण कॅमेऱ्यावरची पकड सैल झाली नाही. त्याचं नाव अमोघ. मूळचा मिरजेचा, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात नोकरी. त्याच्या खांद्याच्या पिशवीतही असाच एक जुना कॅमेरा होता, म्हणून तर कडीवरचं नख त्याला लांबून दिसलं. त्याने वाकून रंजनीच्या कॅमेऱ्यावरचा आकडा वाचला.

"चोवीस झालेत. बारा शिल्लक. संपवा की!"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली, की शिवणाऱ्या आजोबांनी मान वर केली. मग हळूच म्हणाली, "मज भय वाटतं."

ही कुठल्या बखरीतली मराठी, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

रंजनीचे वडील सुधींद्रराव रेल्वेच्या ऑफिसात होते. दर रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून ते बाहेर पडत. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी ते एन्नोरच्या खाडीवरून परतले, छातीत जड वाटतंय म्हणाले, आणि संध्याकाळ दिसलीच नाही त्यांना. रोल तसाच आत राहिला.

"अर्धा रोलही गुंडाळून धुवायला देता येतो," अमोघ म्हणाला.

"अप्पा द्यायचे नाहीत. रोल पुरा झाल्याशिवाय कॅमेरा उघडायचा नाही, हा त्यांचा नेम होता."

"मग पुरा करू. दर रविवारी एक फोटो." तो थांबला, कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुम्ही करा. मी आपला... झाकणावर लक्ष ठेवीन. इथल्या उकाड्यात फिल्म विरत जाते हो. नुसती ठेवून ती जपली जात नाही."

रंजनीच्या आईने, कनकाबाईंनी, एकच अट घातली. ऊर्मीला सोबत न्यायचं.

पहिल्या रविवारी मरीनाच्या किनाऱ्यावर अमोघने दोघींना कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीची कडी दाखवली. तिच्यावर चार चित्रं होती. एक डोकं, दोन डोकी, घोळका आणि डोंगर. समोरचं माणूस हातभर अंतरावर असेल तर एक डोकं, थोडं मागे दोन असतील तर दोन डोकी, खूप लांबचं काही असेल तर डोंगर.

"बस्स, एवढंच?" ऊर्मीने विचारलं.

"एवढंच. पुढचं सगळं डोळ्यांनी करायचं."

रंजनीने कडी डोंगरावर ठेवली. "दीपस्तंभाचा काढते. तुम्ही मधे येताय."

"मी तर पार बाजूला उभा आहे!"

"मग तिथेच राहा."

टिक्. पंचवीस.

अमोघ स्वतःच्या कॅमेऱ्याने रोजचंच काहीबाही टिपायचा. स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर, कॉफीचा पसरट वाटीसारखा रिकामा डवरा, गॅलरीत वाळणारे बनियन. "लग्नाचे फोटो सगळेच काढतात," तो म्हणायचा. "या बनियनला कोण विचारतं?"

"तुमचंच असेल ते," रंजनी म्हणायची.

मग कधी पेरुंगुडी स्टेशनचा जिना, कधी फुलांची बाजारपेठ, कधी नुसता एक केळीच्या पानांचा भारा. दर वेळी रंजनी सांगायची, मी अमुक टिपते आहे, तुम्ही सरका. आणि दर वेळी छोट्या खिडकीला डोळा लावून ती काय पाहायची, ते फक्त तिलाच ठाऊक. कडी मात्र डोंगरावरून घोळक्यावर आली, घोळक्यावरून दोन डोक्यांवर.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी देवळाच्या तळ्यापाशी पावसाने गाठलं. तिघं एका दगडी ओसरीत दाटीवाटीने उभी राहिली. अमोघच्या भुवईवर एक थेंब अडकला होता. पडू का नको, असा...

रंजनीने कडी एका डोक्यावर आणली.

"आता कसला फोटो?" त्याने विचारलं.

"पावसाचा."

"अच्छा..."

"श्वास का रोखलात?"

"फोटो हलू नये म्हणून."

"अहो, कॅमेरा माझ्या हातात आहे. तुम्ही का रोखलात?"

ऊर्मीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती पावसात हात धुवायला गेली.

पण आकडा जसजसा छत्तिसाकडे सरकू लागला, तसतसं रंजनीला धड जेवण जाईना. बँकेत नोटा मोजताना मधेच तिचा आकडा चुकायचा. रोल संपेल, मग तो धुतला जाईल. आत अप्पांचं काहीच निघालं नाही तर? इतकी वर्षं निदान ते चोवीस फोटो आहेत असं म्हणता येत होतं. आणि दुसरं एक भय होतं, ते ती स्वतःलाही सांगत नव्हती. छत्तीसनंतरच्या रविवारी काय?

शेवटचा फोटो एन्नोरला काढायचा, हे तिने आधीच ठरवलं होतं. अप्पांचा शेवटचा रविवार तिथलाच. डिसेंबरातली सकाळ होती, दारोदारी मोठाल्या रांगोळ्या पडल्या होत्या. एन्नोरला मात्र वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर खाली उतरला होता आणि खाडीचं पाणी राखेच्या रंगाचं दिसत होतं. होड्या वाळूवर कलंडून पडल्या होत्या. रंजनीने बटण दाबलं.

टिक्. छत्तीस.

आता फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढली की ती अडायला हवी. अप्पा नेहमी तिच्या हाताला ती अडल्याची जाणीव करून द्यायचे. "बघ, थांबली. फिल्म संपली." तिने लिव्हर ओढली. ती सरकली. अगदी अलगद. तिने बटण दाबून पुन्हा ओढली. पुन्हा सरकली.

"अमोघ... ही थांबत का नाही?"

त्याचा चेहरा धुरासारखा झाला होता.

"डावीकडचं ते छोटं चाक बघा," तो म्हणाला. "आत फिल्म पुढे गेली की ते उलटं फिरतं. तुमचं फिरत नाहीये."

"म्हणजे फिल्म जागची हललीच नाही?"

"हो."

"तुम्हांस कधी कळलं?"

"तिसऱ्या रविवारी."

रंजनीने कॅमेरा पुन्हा छातीशी धरला.

"पहिल्यापासूनच अडकली असेल," तो अडखळत म्हणाला, "तर सुधींद्ररावांचा एकही फोटो आलेला नसेल. मधेच अडकली असेल, तर त्यांचे शाबूत असतील. ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मला तुम्हाला सांगायचं होतं. पण मी भ्यालो. तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि खरं सांगतो... सांगितलं असतं, तर रविवार संपले असते."

"माझे अप्पा आहेत यात," रंजनी अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही रविवार मोजत बसलात."

तिने ऊर्मीचा हात धरला आणि ती बसच्या दिशेने चालू लागली. मागून त्याची हाक आली.

"उलटं गुंडाळू नका! जुनी फिल्म आहे, कडेची भोकं फाटली असतील! लॅबवाल्याला अंधारातच उघडायला सांगा!"

तिने मागे पाहिलं नाही. पण लॅबवाल्याला शब्दन् शब्द तसाच सांगितला.

पंधरा दिवस गेले. पाकीट आलं. रंजनीने ते हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. आईपुढे उघडायचा धीर होईना. एकटीने तर नाहीच. शेवटी तिने फोनवर दोन ओळी लिहिल्या. "रविवारी दहाला, टी. नगरचा बसस्टॉप. राग गेलेला नाही. पण एकटीने उघडायचं भय वाटतं."

तो पावणेदहालाच येऊन उभा होता, चांगला सात-आठ पावलं लांब.

"डोंगर!" ऊर्मी ओरडली. "अमोघमामा, डोंगरावर काय उभे आहात? जवळ या!"

रंजनीने पाकिटाची कड फाडली. पहिला फोटो तांबूस, फिकट. पण होता! गच्चीवर पापड वाळत घालणारी आई. मग दारातल्या चपला. मग शेजारच्या घराची खिडकी. एकामागून एक अप्पांचे चोवीसच्या चोवीस रविवार. शेवटी एन्नोरच्या होड्या, आणि होडीच्या लाकडावर पडलेली कॅमेरा धरलेल्या माणसाची सावली. रंजनीने त्या सावलीवर बोट ठेवलं, आणि मग तिला रडू आवरेना.

अमोघने रुमाल पुढे केला. तो परत मागितला नाही.

"अजून एक आहे," ऊर्मी म्हणाली.

पाकिटात पंचविसावा फोटो होता. फिल्म तिथेच फाटून अडकली होती, आणि या तिघांचे सगळे रविवार त्या एका चौकटीत एकावर एक चढले होते. दीपस्तंभात जिना, जिन्यात फुलं, फुलांत पाऊस. कशालाच धड आकार नव्हता. फक्त मधोमध एक माणूस होता. आधी बोटाएवढा, मग त्याहून मोठा, मग त्याहून... आणि सर्वांत वर एक चेहरा, भुवईवर थेंब घेऊन.

"हे मामा," ऊर्मी बोट नाचवत म्हणाली, "हेपण मामा. हेपण! आत्या, तू तर म्हणायचीस, मामा मधे येतात म्हणून. तू त्यांचाच काढत होतीस!"

रंजनीने फोटो उलटा करायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

"यात दीपस्तंभ कुठे आहे?" अमोघने विचारलं.

"असेल कुठेतरी मागे..."

"रंजनी."

"तू मधे येत होतास," ती म्हणाली. त्याला ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. "पहिल्या दिवसापासून. मी काय करू?"

तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. "मी पुन्हा काही लपवणार नाही. कितीही भीती वाटली, तरी."

"बघ हं."

"आता तरी भय गेलं?"

"छे," ती डोळे पुसत हसली. "वाढलं. अजून आईला सांगायचंय."

"मग मलाही वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला. दोन्ही हात गार पडले होते.

पिशवी शिवणाऱ्या आजोबांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. ऊर्मीने मात्र तसलं काही केलं नाही. तिने आत्याच्या खांद्यावरून कॅमेरा काढून घेतला. आत आदल्याच दिवशी घातलेला नवा रोल होता. झाकणाच्या कडीपासून तिने नख चांगलं लांब ठेवलं. लिव्हर ओढली आणि डावीकडच्या चाकाकडे टक लावून पाहिलं. ते फिरलं. मग तिने भिंगाभोवतीची कडी दोन डोक्यांवर आणली, मोजून दोन पावलं मागे गेली, आणि श्वास रोखून बटण दाबलं.