दरवर्षी पास होणारी गाडी

दिवा मालवू नका रे, ही गोष्ट उजेडातसुद्धा तेवढीच वाईट आहे. आणि मध्येच कुणी ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. सांगतोच आहे ना मी.

माझ्या ओळखीतला एक माणूस गाड्यांच्या पासिंगचा तपासनीस होता. दारातून वाकून आत यायची सवय लागावी एवढी उंची, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. मंगळवार, एकोणीस नोव्हेंबर, रात्री साडेनऊचा सुमार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. लंबूने घरी सांगितलं, चष्मा तपासणी केंद्रावर राहिलाय, घेऊन येतो. चष्मा त्याच्या खिशातच होता. कधी खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा असंच, लगेच सापडेल असं बोलतो.

खरं काम वेगळंच होतं. तपासणीच्या शेडमध्ये त्याच्या भाच्याची गाडी उभी होती. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. बाकी सगळं तपासून झालं होतं, ब्रेकची चाचणी सकाळवर राहिली होती. आता जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे म्हाताऱ्याचे दात. एक बसवावा तर दुसरा हलतो. कधी खालचा पत्रा गंजलेला, कधी हँडब्रेक ढिला, कधी एक दिवा आभाळाकडे बघतोय. पहिल्या फेरीत पास होणं कठीणच. तुमच्या दुचाक्यांचं तर मी बोलतच नाही. पण ही गाडी दरवर्षी पहिल्या झटक्यात पास व्हायची. लंबूनेच पास केली होती, आणि लंबू म्हणजे देव आला तरी ब्रेक बघितल्याशिवाय सोडणार नाही असा माणूस.

आधीचे दोन्ही मालक त्याच गाडीत गेले होते. दोघेही सरळ रस्त्यावर, कोरड्या हवेत. दोन्ही वेळा गाडी दुरुस्त झाली, पासिंगला आली आणि पास झाली. भाच्याने ती हौसेने घेतली तेव्हा त्याला हे ठाऊक होतं. तरण्या पोरांना मरण दुसऱ्यांच्या घरचं वाटतं. त्याच्या आईला मात्र झोप लागेना. संध्याकाळी ती भावाकडे येऊन बसली. चहा घेतला नाही. ती गाडी नापास कर म्हणाली. नापास गाडी रस्त्यावर आणता येत नाही, एवढा तिचा साधा विचार. लंबूने समजावलं की दोषच नाही तर नापास कशी करू. तेव्हा ती म्हणाली,

“दादा, तू कुणाला उगाच नापास करत नाहीस, मला ठाऊक आहे. पण मला मुलगा एकच आहे.”

म्हणून लंबू पाना घेऊन शेडमध्ये गेला. दोष नव्हता, तो करायला. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून त्याने ब्रेकच्या नळीचा नट सैल केला. तेल थेंब थेंब गळायला लागलं. चाळीस वर्षं लोकांचे नट आवळलेला हात तो.

आता पुरेसा सैल झालाय का, हे बघायला हवं होतं. तिथे जमिनीत लोखंडी रोलर असतात. चाकं त्यावर चढवली की रोलर फिरतात, गाडी जागेवरच धावते, आणि ब्रेक दाबला की पॅनलचा काटा जोर दाखवतो. केंद्राचा पहिला नियम असा की रोलरवर एकट्याने बसायचं नाही. एक माणूस गाडीत, एक पॅनलवरच्या, रोलर थांबवायच्या लाल बटणापाशी. लंबूनेच तो नियम सगळ्यांना शिकवला होता.

लंबू एकटा बसला. पायापाशी जागा इतकी अरुंद की त्याला बूट बाहेर काढून ठेवावे लागले. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. चाकं चढली. रोलर फिरले. त्याने ब्रेक दाबला.

काटा वर गेला. नेहमीपेक्षाही वर.

त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

रोलर थांबले नाहीत.

दाराचा खटका ओढला. तो नुसताच हलला. काच खाली येईना. पट्टा सोडायला गेला तर पट्टा आवळला, छातीवर, मग गळ्याशी. लाल बटण समोर दिसत होतं, चार पावलांवर. तिथे कुणी नव्हतं.

मग ॲक्सिलरेटर खाली गेला. आपोआप. जाळीची खरबरीत पट्टी होती त्यावर. ती हळूहळू दबत गेली… आणि बंद इंजिन गरजलं. किल्ली त्याच्या मुठीतच होती.

हेडलाइट लागले. समोर भिंत. या वेगात चाकं रोलरवरून सुटली तर गाडी सरळ त्या भिंतीत जाणार, हे लंबूला नको इतकं ठाऊक होतं.

त्याने हाका मारल्या. कोण ऐकणार…

“काय पाहिजे तुला?” तो म्हणाला.

शेजारची सीट दबली. कुणी नीट टेकून बसावं तशी. वाट बघत.

लंबूला कळलं काय पाहिजे ते. बहीण डोळ्यांसमोर होती. भाचा होता. पट्टा आणखी आवळला…

“पास,” तो म्हणाला. “पास आहे.”

रोलर थांबले. दार आपणहून उघडलं.

तो अनवाणीच भाच्याच्या घरी गेला. रडत सगळं सांगितलं, तो शब्द उच्चारल्याचंही. मामाला कधी रडताना न पाहिलेला तो मुलगा गाडी मोडायला तयार झाला. दुसऱ्या दिवशी दोघांनी ती गाडी ढकलत भंगारवाल्याकडे नेली आणि यंत्राखाली तिचा चौकोनी गोळा होईपर्यंत तिथून हलले नाहीत. बहिणीने त्या रात्री पोटभर झोप घेतली. वर्ष चांगलं गेलं.

पुढच्या वर्षी, वीस नोव्हेंबरच्या सकाळी, बहिणीने लंबूला बोलावून घेतलं. फोनवर काही सांगितलं नाही, दारातही नाही. आतल्या खोलीत भाचा गाढ झोपला होता, मंद घोरत. रात्री दहाला झोपला तो हललाच नाही, घराच्या दाराला मीच आतून कडी लावली होती, एवढंच ती म्हणाली, आणि तिने पायावरची चादर बाजूला केली.

उजव्या तळव्यावर त्या ॲक्सिलरेटरच्या जाळीचे वळ उमटले होते. खोल, लाल, रात्रभर काहीतरी दाबून धरल्यासारखे.

लंबूने हात लावून पाहिला. तळवा अजून गरम होता.