डाळिंबाचे दाणे घातलेले गहू

सकाळच्या पावाला जळक्या चामड्याचा वास येत होता. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला.

*

घरच्या प्रार्थनाघरात, मरियामातेच्या चित्राखाली, उकडलेल्या गव्हाचं ताट. वर डाळिंबाचे दाणे. गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात तसं.

*

थोरले धनी निकितास यांनी एकदा लाल जोडे घातले. लाल जोडे फक्त सम्राटाने घालायचे. तापलेल्या सळईने त्यांचे डोळे काढण्यात आले. त्या दिवसापासून त्यांची बायको अनास्तासो निखाऱ्यांजवळ जात नाही.

*

पलटणीचे सरदार आदल्या संध्याकाळीच घोड्यांवर जीन चढवून निघून गेले. जेवायलाही थांबले नाहीत.

*

निकितासांचा मुलगा, सेनापती पोथोस कोन्तारास, आपल्या बिछान्यात मरून पडला होता. अनवाणी.

*

पोथोसची बहीण थेक्ला जोगीण होती. टेकडीवरच्या मठातून ती खेचरावर बसून उतरली, तेव्हा स्वयंपाकीण ग्लिका अंगणात तिची वाट पाहत उभी होती. निरोप तिनेच धाडला होता.

दुपारपर्यंत राजधानीहून न्यायाधीश येणार आहे, ग्लिकाने सांगितलं. पोथोस सम्राटाविरुद्ध उठणार अशी कुणकुण तिकडे लागली होती. ती खरी ठरली, तर बापामागे मुलांचे डोळे जाणार. पोथोसची दोन मुलं आईविना वाढलेली. माडीवर अजून झोपलेली होती.

थेक्लाने भावाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

अंग थंडगार. ओठ निळसर. उशाशी पेला पालथा घातलेला, लख्ख धुतलेला. पोथोसने उभ्या जन्मात स्वतःचा पेला धुतला नव्हता.

पाय लाल होते. आधी तिला रक्त वाटलं. बोट ओलं करून चोळलं, निघालं नाही. रंग होता. नव्या चामड्याचा रंग घामाने असाच उतरतो.

डाव्या घोट्याला जुन्या बाणाची खूण होती. तो पाय रोज संध्याकाळी भोपळ्यासारखा सुजायचा. खुणेच्या वर एक बारीक, सरळ चीर. चिरेतून रक्ताचा थेंबही आलेला नव्हता.

म्हणजे पोथोस मेल्यानंतर कोणीतरी त्याच्या पायातला जोडा कापून काढला होता.

थेक्ला पलंगाच्या कडेला बसली. भावाने करवून घेतलेल्या लाल जोड्यांचं तिला माहीत होतं. मठाच्या जाळीपाशी येऊन पोथोसने तिला स्वतःच सांगितलं होतं. "कोणाला सांगू नकोस, थेक्ले." तिने एकाच माणसाला सांगितलं होतं.

ती उठून भटारखान्यात गेली.

"पावाला वास कसला येतोय?"

"मलाच विचारा आता," ग्लिका म्हणाली. "कोणीतरी रात्री भट्टीत चामडं टाकलं. टाकायचं तर नीट आत तरी ढकलावं. टाच तोंडाशीच पडलेली, अर्धी जळून. दोन हात लांबून भिरकावली असावी. पाव भाजून झाल्यावर दिसली मला."

"कुठे आहे ती?"

"आत सारली. राख झाली."

"आणि गहू कोणी शिजवले?"

"मीच. पहाटे. पोथोसबाबा गेलेत हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? काल जेवणं उरकून भांडी विसळायला आले, तर तांब्याच्या भांड्यात गहू भिजत घातलेले. शेजारी वाटीत सोललेलं डाळिंब. भिजवलेत म्हणजे शिजवायचे. या घरात मेलेल्यांना काय तोटा आहे, ताई? म्हटलं, थोरल्या धन्यांचा दिवस असेल."

"बाबा डाळिंबाला शिवत नसत."

ग्लिकाचे हात पिठात थांबले. "खरंच की. डाळिंबाचं वेड पोथोसबाबांना. लहानपणी ताटातले दाणे तेवढे वेचून पळायचे."

थेक्लाने ग्लिकाकडून कात्री मागून घेतली.

*

न्यायाधीश एपिफान जाडजूड, मऊ आवाजाचा माणूस होता. त्याला बिछान्यावर सेनापती दिसला नाही. काळ्या झग्यातला एक साधू दिसला. केस कातरलेले, पाय घोट्यांपर्यंत पट्ट्यांनी बांधलेले.

रात्री छातीत कळ आली, थेक्ला म्हणाली. शेवटच्या घटकेला त्याने दीक्षा मागितली, कोन्तारासांचे पुरुष मरताना मागतातच. आणि साधूला गादी कसली, महाराज?

"दीक्षा कोणी दिली?"

"मी केस कातरले."

"पाय बघायचेत."

"साधूचं प्रेत उघडायचं? उघडा. मी तोंड फिरवते."

एपिफान बराच वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिला. मग त्याने त्याच्यासाठी आणलेल्या ताटातला पाव मोडला, नाकाशी नेला आणि पुन्हा ठेवून दिला.

"भटारीण बदला, बाई. पाव करपतोय."

तो गेला. माडीवर मुलं खिडकीत उभी राहून त्याचे घोडे मोजत होती. देवाच्या नावाने थेक्ला आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि तिची जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

*

अनास्तासो प्रार्थनाघरात गव्हाच्या ताटापाशी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर.

"वाचली का मुलं?" तिने विचारलं.

"वाचली." थेक्ला तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, मला आधी सरदारांचा संशय आला. पण त्यांनी मारलं असतं तर जोडे कशाला कापून काढले असते? सम्राटाच्या माणसाने मारलं असतं, तर तो जोडे पुरावा म्हणून घेऊन गेला असता. ज्याने ते काढून जाळले त्याला पोथोस नको होता, पण माडीवरचे चार डोळे हवे होते."

अनास्तासोने ताटाबाहेर पडलेला एक दाणा उचलून पुन्हा गव्हावर ठेवला.

"जाळणाऱ्याला भट्टीजवळ जाववलं नाही. लांबूनच फेकले, म्हणून टाच तोंडाशी राहिली. निखाऱ्यांना इतकं भिणारं या घरात एकच माणूस आहे. बाबांच्या डोळ्यांतली कळ थांबायला अफूचा अर्क यायचा. ते गेले तरी बाटली तू टाकली नाहीस. पेला धुऊन पालथा घालायची सवयही तुझीच. पण एवढ्यावर मी बोलले नसते."

"मग?"

"गहू. पोथोस जिवंत होता, हिंडत-फिरत होता, आणि त्याच्या नावाचे गहू भिजत पडले होते. बाकी सगळं लपवलंस, आई. हेच का नाही?"

"उपाशी कसा पाठवू?" अनास्तासो म्हणाली. "त्याच्या नावाचं मूठभर कोणी खाल्लं नसतं, तर तो तिकडे कोणाच्या दारात उभा राहिला असता? नंतर माझे हात चालणार नाहीत, हे ठाऊक होतं. म्हणून आधीच भिजवले. डाळिंब सोलताना वाटलं, देऊ नये अफू. मग तुझ्या बाबांचा चेहरा आठवला. आठवला म्हणजे काय, विसरलेच कधी होते?"

"मी तुला सांगायला नको होतं."

"तू म्हणालीस, समजाव त्याला. कोन्तारासांना कोणी समजावलंय? मी तुझ्या बाबांना समजावलं होतं."

बाहेर ग्लिका कोणावर तरी ओरडत होती. अनास्तासोने ताट पुढे सरकवलं.

"उजवा जोडा पलंगाखाली पडलेला होता," ती म्हणाली. "झोपेत लाथाडला असेल. डावा काही केल्या निघेना. कापताना त्याला लागलं. मी फुंकर घातली, थेक्ले. मेलेल्या पायावर."

थेक्लाने मूठभर गहू उचलले. हात तोंडापर्यंत गेला नाही.

"सरदार का निघून गेले गं?"

"भित्रे मेले. ऐन वेळी त्याला एकटं टाकून पळाले." अनास्तासोने तिची मूठ हाताने वर ढकलली. "खा. म्हण, देव त्याला क्षमा करो."

थेक्लाने खाल्लं. तेवढं म्हणालीही. क्षमा आपण कोणासाठी मागतोय, हे तिला उमजेना.

*

आदल्या संध्याकाळी, आई पेला घेऊन खोलीत येण्याआधी, पोथोसने उठाव होणार नाही असं सांगून सरदारांना घरी पाठवलं होतं, आणि डावा जोडा निघत नाही म्हणून सुरी मागवली होती.